मामांच्या डोळ्याचा आकडा

माझं काम नेमकं काय आहे हे घरात कुणालाच कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पूर्ण कळलंय असं नाही. मी डोळ्यांच्या एका रुग्णालयात नोकरी करते, पण मी डॉक्टर नाही, नर्स नाही, चष्म्याचा नंबरही काढत नाही. आमचे डॉक्टर डोळ्यांच्या आजारांवर जे शोधनिबंध लिहितात, ते छापून आल्यावर जगात कुणी वाचले, कुणी त्यांची लिंक पुढे पाठवली, कुठल्या बातमीत त्यांचा उल्लेख आला, हे मी शोधत बसते आणि त्याचा तक्ता करते. सासूबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. "म्हणजे लोक बघतात का, ते तू बघतेस?" एवढंच त्या म्हणाल्या. "आणि याचा पगार देतात होय?" हा पुढचा प्रश्न त्यांनी केवळ सभ्यपणा म्हणून गिळला. मला तो त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

काम शिकवायला जे सर आले होते त्यांनी मला संगणकावर एक रंगीत चकती दाखवली. प्रत्येक लेखाला अशी एक चकती असते आणि तिच्या मधोमध एक आकडा. वर्तमानपत्रात बातमी आली की आकडा बराच वाढतो, समाजमाध्यमावर कुणी लेखाची लिंक टाकली की थोडासा वाढतो. मी विचारलं, "सर, कुणी लिहिलं की हा लेख म्हणजे निव्वळ थापा आहेत, तर आकडा कमी होतो का?" सर म्हणाले, "नाही, तरी वाढतोच. आपण लक्ष मोजतो, मत नाही." मग मी विचारलं, व्हॉट्सअॅपवर फिरलं तर? ते म्हणाले, ते मोजताच येत नाही. म्हणजे आपल्याकडे माणसं जिथे खरोखर सगळं वाचतात आणि पुढे ढकलतात तिथलं काहीच मोजायचं नाही, आणि शिव्या दिल्या तरी त्या जमेला धरायच्या. मी मान डोलावली. नवीन नोकरीत माणूस कशालाही मान डोलावतो.

माझे मामा आळंदीजवळच्या चिखलीत मोटरी भरतात. म्हणजे जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवीन तार गुंडाळायची, पंप दुरुस्त करायचे, असं त्यांचं दुकान आहे. मूळ गाव आमचं लातूरकडचं. मी कॉलेजला त्यांच्याकडेच राहिले, लग्न होऊन थेरगावला येईपर्यंत. मामा कमी बोलणारे. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी मान खालीच, हात मोटरीत. त्यांना काही सांगायचं तर दोनदा सांगावं लागे, आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं तर त्याहून जास्त वेळ उभं राहावं लागे.

एकदा पंपात पितळेचा बुश, म्हणजे आतलं कडं, ठोकून बसवताना एक कण उडाला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला. मामांनी डोळा पाण्यानं धुतला, चार दिवस लाल राहिला, मग बरा झाला. कण निघून गेला असं सगळ्यांनीच धरलं. पुढे कधीतरी मामी म्हणाली, यांच्या डोळ्यात काहीतरी हिरवट दिसतंय, आणि मी त्यांना जवळजवळ ओढतच आमच्या रुग्णालयात नेलं.

कण निघून गेलेला नव्हता. तो डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जाऊन बसला होता, आणि पितळेतलं तांबं हळूहळू डोळ्यात उतरत होतं. त्या तांब्यानं डोळ्याच्या भिंगावर नक्षी काढली होती. यंत्रातून पाहिलं तर मधोमध एक गोल आणि त्याभोवती हिरवट सोनेरी पाकळ्या. अगदी सूर्यफूल. आमच्या मॅडम, ज्या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या डॉक्टर आहेत, त्या यंत्राला डोळा लावून बसल्या त्या उठेचनात. मग त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी तिसऱ्यांना. मामा हनुवटी यंत्रावर टेकवून निमूट बसून होते. "काय दिसायलंय?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणाले, "फूल."

नजर त्या वेळी चांगली होती. मॅडम म्हणाल्या की आत्ता घाईनं कण काढायला गेलो तर नुकसान होऊ शकतं, तेव्हा लक्ष ठेवू, दर थोड्या दिवसांनी तपासू, आणि पडद्याला त्रास दिसायला लागला की लगेच ऑपरेशन. मामांची परवानगी घेऊन त्यांनी फोटो काढला आणि त्यावर एक छोटा लेख लिहिला. लेखात नाव नाही, गाव नाही, फक्त एक कामगार आणि एक डोळा. सगळं नियमाप्रमाणे.

फक्त एक गोष्ट कुणाच्या नियमात बसणारी नव्हती. मामांनी फोटो काढणाऱ्या मुलीकडून तो फोटो आपल्या फोनवर मागून घेतला आणि व्हॉट्सअॅपला डीपी म्हणून लावला. त्याआधी डीपीला गणपती होता.

लेख छापून आला आणि मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. सुरुवातीला चकतीत आकडा जेमतेम होता. मग परदेशातल्या कुणा नेत्रतज्ज्ञानं फोटो आणि लिंक टाकून 'डोळ्यात सूर्यफूल' अशा अर्थाचं काही लिहिलं, आणि आकडा पळायला लागला. ज्या भाषांची लिपीही मला ओळखता येत नाही तिथून लोक तो फोटो पुढे पाठवत होते. मी रोज सकाळी संगणक उघडायचे आणि मामांचा डोळा अजून एका देशात पोहोचलेला असायचा. मॅडमना एका परिषदेत बोलायला बोलावणं आलं. विभागात पेढे वाटले गेले. मीही खाल्ला, आणि मला कळेना की मला आनंद का होत नाहीये. आपल्या माणसाचं कौतुक झाल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी आपल्या माणसाच्या दुखण्याचं लग्न लागल्यासारखंही वाटत होतं.

मग तो फोटो मराठीत आला. एका पेजनं लिहिलं, 'कामगाराच्या डोळ्यात उमललं कमळ! परदेशी मासिकानेही घेतली दखल', आणि खाली पुरावा म्हणून लेखाची लिंक. सूर्यफुलाचं कमळ कुठे झालं मला माहीत नाही. चिखलीत कुणीतरी ते पाहिलं आणि त्याला आठवलं की हा तर आपल्या मोटरवाल्या काकांचा डीपी. त्यानं खाली तसं लिहिलं. दुकानाचा पत्ताही लिहिला. वर हात जोडल्याचं चित्र.

पुढच्या आठवड्यात मी मामांकडे गेले तर दुकानापुढे माणसं उभी होती. मला आधी वाटलं अपघात झाला. मामा खुर्चीत बसले होते, एक बाई त्यांच्या डोळ्यात मोबाइलचा टॉर्च मारून बघत होती, आणि मागची बाई तिला म्हणत होती, "दिसलं का? आमाला बी बघू द्या की." जुन्या गावठाणातले एक आजोबा कट्ट्यावर बसून सगळ्यांना सांगत होते, "या माणसाला मी पहिल्यापून वळखतो. साधा हाय. म्हनून त्याच्याच डोळ्यात आलं." मामा मान वर करून, अगदी ताठ बसले होते. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर राहूनही त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

टॉर्चनं फूलबील काही दिसत नसणार हे मला माहीत होतं. त्याला यंत्र लागतं, डोळ्यात थेंब घालावे लागतात. पण "काय की हिरवं हिरवं दिसलं" असं म्हणून प्रत्येकजण समाधानानं बाजूला होत होता.

त्यातच तपासणीची वेळ आली आणि मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पडद्याची ताकद कमी होत होती. तांबं तिथपर्यंत पोहोचलं होतं. "आता थांबायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "भिंग बदलू, कण काढू. आत्ता केलं तर नजर बरीच वाचेल. उशीर केला तर मला काही सांगता येणार नाही."

मामांनी विचारलं, "अन् फूल?"

"फूल जाईल ना. भिंगच काढायचं आहे."

मामा म्हणाले, बघू. आणि घरी गेले. 'बघू' म्हणजे नाही, हे मराठवाड्यातल्या कुठल्याही माणसाला समजतं. मॅडमना समजलं नाही. त्यांनी तारीखसुद्धा लिहून ठेवली.

मी दुसऱ्याच दिवशी चिखली गाठली आणि भांडले. मला भांडताना आवाज आवरत नाही. मी म्हणाले, "मामा, ते फूल नाही. कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात दही कळकतं ना, तसा तुमचा डोळा कळकायला लागलाय. ते दही आपण फेकून देतो का पूजेला ठेवतो?"

"तुझ्याच हापिसात मोजायलेत ना?" मामा शांतपणे म्हणाले. "किती लोकांनी बघितलं त्ये?"

"मोजतात म्हणून काय झालं?"

"मग चांगलं असल्याबिगर मोजतेत का?"

 याला उत्तर होतं, लक्ष मोजतात, मत नाही, पण ते माझ्या तोंडून निघेना. ज्या वाक्याला मी स्वतःच नुसती मान डोलावली होती ते मामांना कसं पटवणार? मामी आतून म्हणाली, "कवापास्नं जेवनात लक्ष न्हाई. नुसतं कोन आलं, कोन गेलं." ती चिडलेली होती, पण आलेल्यांना चहाही तीच करत होती. मला तिचंही काही कळेना.

त्या दिवशी आळंदीहून दोन तरुण आले होते, तिथे कीर्तन शिकणारे. मी मनात म्हटलं, झालं, आता आरती सुरू होणार. त्यातल्या एकानं मामांच्या डोळ्यात बराच वेळ पाहिलं, मग हात जोडून म्हणाला, "काका, आमच्या महाराजांचा डोळा असाच दुर्लक्ष करून गेला. डॉक्टर म्हणत असतील तर करून घ्या." मामांनी त्यालाही चहा पाजला आणि त्याचं म्हणणं सोडून दिलं. मला त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं, आणि आपण आधी काय समजलो होतो याची लाजही वाटली.

मग मला वाटलं, ज्यानं बिघडवलं त्यानंच निस्तरावं. मी त्या पेजला निरोप लिहिला. हे कमळ नाही, आजार आहे, ऑपरेशन झालं नाही तर या माणसाची नजर जाईल, कृपा करून असं छापा. त्यांनी उत्तर लगेच दिलं, अगदी अदबीनं, 'ताई' म्हणून. आणि संध्याकाळी छापलं, 'डोळ्यातील कमळ काढून टाकणार? तुमचं मत काय?' खाली दोन पर्याय. वर तोच फोटो आणि तीच लिंक.

शेकड्यांनी मतं पडली. मी रात्री चिखलीला गेले तर मामा चष्मा लावून एकेक मत मोठ्यानं वाचत होते. 'देवाची देणगी आहे, काढू नका.' 'डॉक्टर लोकांना काय, कापायला पाहिजेच.' 'काकांना साष्टांग.' एकानं लिहिलं होतं, 'काढा आणि लिलाव करा,' त्यावर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. 'काढा' म्हणणारेही होते, पण थोडे. मामा म्हणाले, "एवढी माणसं काय येडी हैत का?" मी म्हणाले, "हो." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच परकी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चकती उघडली. आकडा पुन्हा चढला होता. मी त्या कमळाविरुद्ध म्हणून जे करायला गेले होते त्यानंही तो चढलाच होता.

त्याच सुमारास वार्षिक अहवाल आला. त्यात प्रत्येक गाजलेल्या लेखापुढे एक रिकामी जागा होती, 'समाजावर झालेला परिणाम.' मॅडम म्हणाल्या, "तू लिही, तुझ्याकडे सगळी माहिती आहे." मी लिहिलं, कामगारांमध्ये डोळ्यांच्या इजेबद्दल जागृती. खोडलं. मग लिहिलं, रुग्णाने ऑपरेशनला नकार दिला. ते वाचून मॅडमनी कागद माझ्याकडे परत सरकवला. त्या वाईट नाहीत. त्यांनी स्वतः दोनदा मामांना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "हे खरं आहे, पण हा लेखाचा परिणाम आहे का?" मी म्हणाले, "मग कशाचा आहे मॅडम?" त्या म्हणाल्या, "मलाही कळत नाही गं." जागा रिकामी ठेवली. निदान त्या दिवशी आम्ही दोघी एकाच गोंधळात होतो, याचं मला बरं वाटलं.

मामांना शेवटी ना मॅडमनी वळवलं, ना मी, ना मामीनं. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. त्या गिरणीची मोटर मामांनी भरून दिली आणि ती पहिल्याच दिवशी जळाली. गिरणीवाली बाई तक्रार करायला आली नाही. देवाच्या माणसाशी कोण वाद घालणार? तिनं ती मोटर रिक्षात घातली आणि गुपचूप दुसऱ्या दुकानाकडे पाठवली. रिक्षा मामांच्या दुकानावरूनच गेली. मामा तेव्हा खुर्चीत बसून कुणालातरी डोळा दाखवत होते. आपण भरलेली मोटर त्यांनी ओळखली.

मामीनं मला नंतर सांगितलं, की बरेच दिवस त्यांना तार खाचेत नीट बसवता येत नव्हती. डोळा अंधुक झाला होता, अंतर कळत नव्हतं, तार कुठे घासली जाते ते दिसत नव्हतं. ते कुणालाच बोलले नाहीत. मामांनी त्या संध्याकाळी शटर लवकर ओढलं आणि मला फोन केला. "तारीख घी," म्हणाले. मी आनंदानं काहीतरी बडबडत राहिले. ते म्हणाले, "आता लई बोलू नको."

ऑपरेशन चांगलं झालं. भिंग बदललं, कण निघाला. राईच्या दाण्याहून लहान. मॅडमनी तो मला दाखवला आणि मला खरोखर रडू आलं, इतका तो क्षुल्लक होता. पण पडद्याचं बिघडणं तोवर थांबलेलं नव्हतं. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पहिल्या तारखेला आले असते तर गोष्ट वेगळी होती. आता जेवढं गेलंय तेवढं परत येणार नाही. किती गेलंय ते पट्टी सुटल्यावर, थोडे दिवस गेल्यावर कळेल. मला रागही आला, पण कुणाचा करावा ते ठरेना. पेजचा, गल्लीचा, मॅडमचा, मामांचा, आमच्या त्या चकतीचा? प्रत्येकानं थोडं थोडंच केलं होतं. कुणीच खोटं वागलं नव्हतं, पेजवालेसुद्धा ताई म्हणून बोलले होते.

दुकानापुढची माणसं आठवड्याभरात यायची थांबली. फूल काढल्यावर बघायचं काय? मामांना त्याचं वाईट वाटलं असावं. ते खुर्ची मात्र तशीच दारात ठेवून बसत.

महिन्याभरानं मी गेले तेव्हा ते तसेच बसले होते. मी शेजारी स्टूल ओढलं. मामी आत भाकरी थापत होती, तो आवाज येत होता. मामांनी विचारलं, "तुमच्या हापिसात आता काय दाखवायलंय? कमी झाला असंल आकडा."

"नाही मामा. तो कमी होत नसतो."

"डोळा कमी झाला तरी?"

"तरी."

त्यांनी थोडा विचार केला. त्यांना राग आला नव्हता, मलाच येत होता. मग म्हणाले, "दाखव बरं त्यो फोटो. मी माझं फूल दोन्ही डोळ्यांनी बघितलंय आजपर्यंत. ज्या डोळ्यात होतं, नुसत्या त्यानं बघितलंच न्हाई."

मी फोनवर फोटो उघडला, मोठा केला, उजेड पूर्ण वाढवला. सगळ्या पाकळ्या दिसत होत्या, मधला गोलही. मामांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि फोन माझ्या हातातून घेऊन उजव्या डोळ्यापुढे धरला. जवळ आणला, लांब नेला, जरा तिरपा केला. तो अगदी नाकाला टेकेपर्यंत जवळ आणला.

"उघड की," ते म्हणाले.

 मामांनी पुन्हा विचारलं, "उघडलास का गं फोटो?"